हाती देणे



इटालियन भाषेत 'त्रादीरे' हे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ विश्वासघात करणे. त्याच भाषेत परंपरेला 'त्रादित्सिओने' म्हणतात. हे दोन शब्द ऐकायला भावंडांसारखे वाटतात, आणि ते आहेतही. दोघांचे मूळ लॅटिन 'त्रादेरे'. 'त्रान्स' म्हणजे पलीकडे, 'दारे' म्हणजे देणे. आपल्याजवळचे दुसऱ्याच्या हाती देणे, हा मूळ अर्थ.

हाती देणे चांगलेही असते आणि वाईटही. जुदासने प्रभूला शत्रूच्या हाती दिले. इ.स. 303 मध्ये सम्राट डायोक्लेशियनने पवित्र ग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. तेव्हा उत्तर आफ्रिकेत ज्यांनी भीतीपोटी ते ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले, त्यांना 'त्रादितोरेस' हे नाव पडले. इटालियन क्रियापदात पुढे विश्वासघाताचाच अर्थ उरला. वारसा पुढच्या पिढीला देणे यासाठी ती भाषा 'त्रामांदारे' असा वेगळा शब्द वापरते.

संत पौलाने मात्र दोन्ही अर्थ एकाच वचनात आणले आहेत. करिंथकरांस पहिले पत्र 11:23 घरी उघडून पाहू या. प्रभूकडून मिळालेले मी तुम्हांला दिले, असे सांगून तो लगेच प्रभूला धरून दिले त्या रात्रीची आठवण करून देतो. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी 'पारादिदोमी' हेच क्रियापद आहे, लॅटिनमध्ये 'त्रादेरे'. मराठीत दोन वेगळे शब्द येतात, म्हणून हे आपल्या ध्यानात येत नाही. ज्या रात्री शिष्याने प्रभूला धरून दिले, त्याच रात्री प्रभूने स्वतःला आपल्या हाती दिले. लॅटिन मिस्सेत भाकरीवर उच्चारायच्या शब्दांतही हेच क्रियापद आहे.

आज आपल्याकडे कोणी ग्रंथ जाळायला मागत नाही. तरी टीव्हीवरच्या मालिकेसाठी सायंप्रार्थना सोडतो, तेव्हा आपणही काहीतरी हवाली करतो. मुलांना धर्मशिक्षण वर्गाला पाठवतो, पण घरी त्यांच्यासोबत गुडघे टेकत नाही. घाईघाईने मिस्सा उरकणारे आम्ही धर्मगुरूही यातून सुटलेलो नाही. आपल्या आजी-आजोबांनी श्रद्धा आपल्या हाती दिली. ती आपल्यापाशीच थांबली, तर मुलांना काय मिळणार?

आज ख्रिस्तशरीर स्वीकारताना स्वतःला विचारू या : हे मी घरी कोणाच्या हाती देणार? आणि या आठवड्यात एका संध्याकाळी, आपल्याला पहिली प्रार्थना कोणी शिकवली, हे मुलांना सांगू या. मग तीच प्रार्थना त्यांच्यासोबत म्हणू या.

प्रभू आपणां सर्वांना त्यासाठी कृपा देवो.