‘नाही’ जपून वापर

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

कराडला दवाखाना थाटतेस हे ताईकडून कळलं. मुहूर्त, पाटी आणि पडद्यांचा रंग ती ठरवेलच. मी आपले पुस्तकाबाहेरचे चार शब्द सांगतो.

पोर आईच्या मांडीवरच तपास. आधी लांबून श्वास मोज, मग छाती ऐक आणि घसा अगदी शेवटी बघ. एकदा जीभ दाबलीस की त्या दिवसापुरती दोस्ती संपली.

सगळ्यात जास्त तक्रार येईल ती ‘काहीच खात नाही’ ही. आजी हे सांगत असताना पेशंट बिस्किटाचा पुडा संपवत असेल. हसू नकोस, वजन कर. वर्षाचं होईपर्यंत बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं, पुढे मात्र वर्षाला जेमतेम २ किलो वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. वाढीच्या तक्त्यावर बोट ठेवून हे आजीला दाखव. टॉनिक लिहायला अर्धं मिनिट लागतं आणि हे पटवायला दहा. आपली फी त्या दहा मिनिटांची.

दुसरा विषय शी. महिना उलटलेलं, निव्वळ आईच्या दुधावरचं बाळ दिवसातून सहा वेळा करेल, नाहीतर चार-पाच दिवस करणारच नाही. शी मऊ आहे, पोट फुगलेलं नाही, वजन वाढतंय, तर दोन्ही ठीक. हल्ली फोटो येतात, तेव्हा जेवताना व्हॉट्सअ‍ॅप उघडू नकोस.

‘दात येताहेत म्हणून जुलाब’ यावर वाद घालत बसू नकोस. दात येऊ देत, आपण ओआरएस देऊ, म्हण. पण अख्खी पुडी १ लिटर पाण्यात, हे आईकडून वदवून घे. ग्लासात चिमूटभर टाकणाऱ्या पुष्कळ असतात. झिंक १४ दिवस. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायच्या सोड्याचं पाणी नातेवाइकांच्याच हाती सोपवलं आणि असंख्य जीव वाचले. घरच्या माणसांवर भरवसा टाकायला त्यांच्याकडून शिक.

दृष्ट काढतात? काढू देत. मनगटात काळे मणी, गालावर तीट? छान दिसते म्हण. डोळ्यांत काजळ, नाका-कानांत तेल आणि वर्षाच्या आत मध, एवढ्यांना मात्र ठाम ‘नाही’. ऊठसूट नाही म्हणणाऱ्या डॉक्टरचं कुणी ऐकत नाही. त्याच्या पाठीमागे सगळं होतं आणि वर लपवलंही जातं.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ आणि १००.४ ताप, किंवा कुठल्याही वयाचं मूल मलूल आहे, अंगावर पीत नाही, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, तर तिथे थट्टा नको आणि ‘उद्या बघू’ही नको. लगेच दाखल. एरवी एवढी हसतमुख राहा, की तू हसायची थांबलीस की आजीने न विचारता पिशवी भरायला घेतली पाहिजे.

तुझा,
मामा