सूट कशावर, ते आधी विचार

चि. मनू,

पगार बरा असूनही पुण्यात खराडीला किराण्याचा खर्च हाताबाहेर चाललाय, असं तू फोनवर म्हणालीस आणि जाता जाता विचारलंस, ‘मामा, या सुपरमार्केटातल्या ऑफर खऱ्या असतात की खोट्या?’ माझी उभी नोकरी वजनमापे खात्यात गेली. या प्रश्नाला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं मला जमणारं नव्हतं. सवडीने वाच.

ऑफर बहुतेक वेळा खरी असते. पावतीवर तेवढे पैसे वजा झालेले दिसतात, त्यात लबाडी नाही. विचारायचं ते हे, की सूट कशावर दिली? छापील किमतीवर. मग छापील किंमत कोणी ठरवली? पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही वाटतं की एमआरपी सरकार ठरवतं. काही औषधांसारख्या मोजक्या वस्तू सोडल्या तर तसं नाही. माल बनवणारा किंवा पाकिटात भरणाराच ती ठरवतो. कायदा एवढंच सांगतो की सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत पाकिटावर छापा आणि तिच्यावर एक रुपयाही घेऊ नका. म्हणजे एमआरपी ही फक्त वरची मर्यादा आहे. वस्तू तेवढ्या मोलाची आहे, असं कुठलाही निरीक्षक तपासून सांगत नाही. त्यामुळे ज्याला अर्ध्या किमतीत विकायचंय, तो आधीच दुप्पट किंमत छापू शकतो. काही दुकानं डाळी, सुकामेवा, फरशी पुसायचं औषध स्वतःच्याच नावाने विकतात. तिथे तर किंमत छापणारा आणि सूट देणारा एकच असतो. अशा पाकिटावरचा ‘50 टक्के’ हा आकडा तू वाचूच नकोस.

मग काय वाचायचं? वजनाला पडणारा भाव. समजा काजूचं 250 ग्रॅमचं पाकीट आहे, छापील किंमत 500 आणि निम्म्या सुटीने 250. किलोला 1000 पडले. त्याच दिवशी वाणी सुटे काजू 900 ने देत असेल, तर अर्धी किंमत माफ होऊनही तुला शंभर रुपये किलो महागच मिळाले. मोठा पुडा नेहमी स्वस्त, हाही असाच एक समज. कपडे धुण्याच्या पावडरचा 850 ग्रॅमचा पुडा 340 ला आणि 500 ग्रॅमचा 190 ला असेल, तर लहान पुडा ग्रॅमला 38 पैसे पडतो आणि मोठा 40.

हा हिशोब तुझ्यासाठी पाकिटावर करून ठेवलेला असतो, फक्त कोणी तिकडे पाहत नाही. आवेष्टित वस्तूंच्या नियमांत 2021 साली दुरुस्ती झाली आणि एमआरपीबरोबर ‘युनिट सेल प्राइस’ छापणं सक्तीचं ठरलं. एक किलोच्या आतल्या पाकिटावर ती दर ग्रॅमला असते, किलोच्या वरच्या पाकिटावर दर किलोला. पातळ पदार्थांना तसंच मिलिलिटर आणि लिटर. म्हणून 900 ग्रॅमच्या पुड्यावर 0.40 आणि सव्वा किलोच्या पुड्यावर 390 असे आकडे शेजारी शेजारी दिसतील. गोंधळू नकोस, पहिल्याला हजाराने गुण. मात्र तो आकडा छापील किमतीवरून काढलेला असतो. सूट असेल तर हाती पडणाऱ्या किमतीला वजनाने तूच भाग. फोन हातात असतोच.

त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट झाली, तिच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं. पूर्वी चहा, बिस्किटं, खाद्यतेल, पीठ अशा रोजच्या वस्तू ठरावीक वजनांतच भराव्या लागत. ते बंधन गेलं. आता कंपनी 180 ग्रॅमचा पुडा काढू शकते किंवा 870 मिलिलिटरची पिशवी. आकार जवळजवळ तोच, रंग तोच, आतला माल कमी. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांत तर हे वर्षानुवर्षं चालत आलंय, कारण तिथे किंमत वाढवली की गिऱ्हाईक तुटतं, वजन उतरवलं तर कोणाच्या लक्षात येत नाही. तेलाचंही सांगतो. तेल तापलं की फुगतं. सोयाबीनचं एक लिटर तेल 21 अंशांना सुमारे 919 ग्रॅम भरतं, 60 अंशांना 893 च्या आसपास. काही पिशव्यांवर लिटरपुढे बारीक अक्षरांत ‘60 अंश तापमानाला’ असं लिहिलेलं असे. आपल्या स्वयंपाकघरात साठ अंशांचं तेल कोण ठेवतं? शेवटी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022 मध्ये तापमानाचा उल्लेख काढायला लावला आणि लेबलं सुधारायला 15 जानेवारी 2023 पर्यंत मुदत दिली. तू तेलाच्या पिशवीवरचे ग्रॅम वाच, लिटर नको.

आता दुकानाच्या रचनेविषयी. 1916 मध्ये अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या माणसाने गिऱ्हाइकाने स्वतःच माल उचलायचं दुकान काढलं. तोवर तिकडेही आपल्या वाण्यासारखंच होतं: गल्ल्यामागे दुकानदार, समोर यादी घेतलेलं गिऱ्हाईक. 1937 मध्ये ओक्लाहोमातल्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने ढकलगाडी आणली, कारण हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवत. ढकलगाडीचा जन्मच मुळी तू थांबू नयेस यासाठी झालाय. म्हणून नेमक्या चार वस्तू घ्यायच्या असतील तेव्हा गाडी घेऊच नकोस. डोळ्यांच्या उंचीवरच्या फळीसाठी कंपन्या पैसे मोजतात. तुला हवं ते बरेचदा खालच्या फळीवर असतं. पण माझा खरा आग्रह आहे तो यादीचा. वाण्याकडे यादी घरी व्हायची, ओट्यापाशी डबे उघडून. सुपरमार्केटात ती फळ्या बघत बघत होते आणि मग ती तुझी राहत नाही.

तुझ्या वयाच्या मुलांकडे तर यादीही उरली नाही. कोथिंबीर संपली, अ‍ॅपवर मागव. दहा मिनिटांत दारात. आणि ‘आणखी 60 रुपयांचं घ्या, डिलिव्हरी मोफत’ म्हटल्यावर वीस रुपये वाचवायला साठांचा चिवडा येतो. हाताळणी शुल्क, पावसाचं शुल्क हे सगळं शेवटच्या पानावर. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा तेरा क्लृप्त्यांची यादीच काढून त्यांना मनाई केली: खोटी घाई लावणं, टोपलीत परस्पर वस्तू टाकणं, शुल्क टप्प्याटप्प्याने उघड करणं, सदस्यत्वातून बाहेर पडणं अवघड करणं. मनाई आहे म्हणून ते थांबलं असं समजू नकोस. पैसे भरण्याआधी बिलाची प्रत्येक ओळ वाच आणि तातडीचं औषध सोडून बाकी सगळं आठवड्याच्या यादीवर लिही. शनिवारी ती यादी पाहिलीस की निम्म्या वस्तू तूच खोडशील.

चंदननगरची मंडई तुझ्यापासून लांब नाही. भाजी तिथून आण. तराजू शून्यावर आहे का ते माल ठेवण्याआधी बघ. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र दुकानात लावावं लागतं. ते मागायला लाजू नकोस. मिठाई घेताना खोकं मालाबरोबर तोललं तर तिथल्या तिथे थांबव. पुठ्ठ्याला पेढ्याचा भाव देण्याचं कारण नाही. आणि डाळ-तांदूळ सुटे मिळाले तर सुटेच घे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्यावर 5 टक्के जीएसटी लागतो, सुट्यावर तो नाही.

हे सगळं एकटीने करताना कंटाळा येईल, हे मला समजतं. आपल्याकडे ते बायकांनी मिळून केलेलं आहे. 1972 मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी महागाईविरुद्ध समिती उभी केली. वेगवेगळ्या पक्षांच्या बायका हातात लाटणी घेऊन एकत्र रस्त्यावर आल्या. 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची घरं एकत्र येऊन महिन्याची मागणी नोंदवत, माल घाऊक भावाने येई आणि घरीच वाटला जाई. तुमच्या सोसायटीत पाच-सहा घरं सहज जमतील. तांदूळ, डाळी, गूळ, शेंगदाणे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसार विभागातून एकदम आणा आणि वाटून घ्या. गाडीभाडं वाटलं जाईल, आणि शेजाऱ्यांची तोंडओळखही होईल, जी तुम्हाला अजून नाही असं आपली माई सांगत होती.

पावती टाकू नकोस. छापील किमतीच्या वर पैसे घेतले, एकाच मालावर दोन किमती दिसल्या, वजन कमी भरलं, न विचारता पिशवीचे पैसे लावले, तर आधी तिथल्या व्यवस्थापकाशी शांतपणे बोल. नाहीच ऐकलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. रक्कम लहान आहे म्हणून सोडू नकोस. चंदीगडच्या ग्राहक मंचाने 2019 मध्ये तीन रुपयांच्या कागदी पिशवीवरून एका बुटांच्या दुकानाला 9000 रुपये भरायला लावले, ते एका गिऱ्हाइकाने पावती जपून ठेवली म्हणूनच.

दिवाळीच्या फराळाचं सामान यंदा परस्पर मागवू नकोस. बेसन, पोहे, रवा, तूप किती लागेल ते माईला विचारून लिहून पाठव आणि सोसायटीतलं कोणी तयार असेल तर त्यांचीही यादी घे. मी पुण्याला येतो, भुसार विभागात बरोबरच जाऊ. पिशव्या तू आण.

तुझा
मामा