काम करणाऱ्या कुत्र्याने काय खावं?

मंडळी, यंदाच्या पुस्तिकेतून जमणारा निधी दृष्टिहीन बांधवांसाठी जाणार आहे, म्हणून कार्यकारिणीने "तुमच्या त्या पिल्लाबद्दल लिहा की" असं आम्हांला फर्मावलं. आम्ही दोघे 'पपी रेझर' आहोत. म्हणजे गाइड डॉग तयार करणाऱ्या संस्थेकडून साधारण आठ आठवड्यांचं पिल्लू घरी आणायचं, वर्ष-सव्वा वर्ष वाढवायचं, माणसांत, दुकानांत, गाडीत नीट वागायला शिकवायचं आणि मग परत द्यायचं. पुढचं खरं ट्रेनिंग संस्था करते. अमेरिकेत ही परंपरा जुनी आहे. इथली पहिली गाइड डॉग शाळा 'द सीइंग आय' १९२९ मध्ये सुरू झाली आणि ती आज न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनमध्ये आहे.

पण आज लिहायचं आहे ते खाण्याबद्दल, कारण तिथेच आमचं चुकलं. गेल्या दिवाळीत घरी वीस-पंचवीस माणसं होती. आमचं सात महिन्यांचं काळं लॅब्रॅडॉर, ऑली, सगळ्यांच्या पायांतून फिरत होतं. कोणीतरी कौतुकाने त्याला रव्याचे दोन लाडू भरवले. लाडवात बेदाणे होते. आम्हांला कळलं तेव्हा अर्धा तास झाला होता. तसेच उठून इमर्जन्सीत नेलं. डॉक्टरांनी आधी उलटी करवली, मग दोन दिवस सलाइन, रोज किडनीची रक्ततपासणी. ऑली वाचला. लाडू भरवणाऱ्याची यात काही चूक नव्हती. सांगायचं काम आमचं होतं, आणि आम्ही सांगितलं नव्हतं. त्यानंतर आम्ही या विषयाचा नीट अभ्यास केला. त्याचं सार इथे देतो.

'काम' म्हणजे कुठलं काम?

सगळ्यात चांगलं खाणं कुठलं, याला एक उत्तर नाही. आधी काम कुठलं ते बघावं लागतं.

अलास्कात १९७३ पासून इडिटारॉड ही साधारण हजार मैलांची बर्फावरची शर्यत होते. त्यात स्लेज ओढणाऱ्या एकेका कुत्र्याला दिवसाला दहा हजारांहून जास्त कॅलरी लागतात. एवढी ऊर्जा भाकरी-भातातून पोटात मावणारच नाही. म्हणून त्यांच्या खाण्यात फॅट खूप असतं, आणि तासन् तास चालणाऱ्या कामाला कुत्र्याचं शरीर मुख्यतः फॅटच जाळतं. प्रोटीनही भरपूर लागतं. ते कमी पडलं तर स्नायूंच्या दुखापती वाढतात, असं स्लेजच्या कुत्र्यांवरच्या अभ्यासात दिसलं आहे.

ग्रेहाउंडची शर्यत अर्ध्या मिनिटाची. तिथे स्नायूंत साठवलेली साखर कामी येते, म्हणून त्याला पिष्टमय पदार्थ जास्त चालतात.

विमानतळावर वास घेणाऱ्या कुत्र्याची अडचण निराळी. तापलं की ते धापा टाकतं, आणि धापा टाकताना नीट हुंगता येत नाही. म्हणून त्याचं वजन आटोक्यात आणि पाणी वेळेवर हवं.

गाइड डॉगचं काम म्हणजे सावकाश चालणं आणि सतत लक्ष ठेवणं. दमछाक कमी, जबाबदारी जास्त. त्याला स्लेजच्या कुत्र्याचं 'परफॉर्मन्स' खाद्य दिलं तर ते फक्त जाडं होईल.

गणित किती खायचं याचं

इंजिनिअर माणसाला आकडा मिळाला की बरं वाटतं. विश्रांतीच्या स्थितीत लागणारी ऊर्जा काढायचं सूत्र असं: किलोमधल्या वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०. साध्या कॅल्क्युलेटरवर वजनाला वजनाने दोनदा गुणा, मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, आणि आलेल्या आकड्याला ७० ने गुणा.

२५ किलोचं कुत्रं घेऊ. २५ × २५ × २५ = १५,६२५. वर्गमूळ १२५, पुन्हा वर्गमूळ साधारण ११.२. गुणिले ७० म्हणजे सुमारे ७८० कॅलरी. नसबंदी झालेल्या घरगुती मोठ्या कुत्र्याला याच्या साधारण १.६ पट, म्हणजे १,२५० लागतात. हलकं काम असेल तर दुपटीपर्यंत. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला तिप्पट, त्यानंतर मोठं होईपर्यंत दुप्पट. स्लेजचं कुत्रं मात्र बारा-तेरा पटीवर जातं!

हा आकडा फक्त सुरुवातीचा. खरी परीक्षा हाताची. बरगड्यांवरून हात फिरवा. फार न दाबता त्या बोटांना लागल्या पाहिजेत, आणि वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. लागत नसतील तर कप कमी करा.

खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावा. वरच्या कुत्र्यासाठी म्हणजे १२५. एका चांगल्या वळलेल्या लाडवातच तेवढ्या असतात.

"अहो, ते सारखं उपाशीच दिसतं!"

हे वाक्य आमच्या घरी रोज ऐकू येतं. त्याचं उत्तर २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दिलं. पुष्कळ लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे त्यांना पोट भरल्याचं नीट समजत नाही. पाळीव लॅब्रॅडॉरमध्ये हे प्रमाण साधारण चारांत एक होतं, पण त्यांनी तपासलेल्या मदतनीस कुत्र्यांमध्ये तब्बल ७६ टक्के! एका बिस्किटासाठी जो वाटेल ते शिकतो, तोच शिकवायला सोपा, म्हणून बहुधा निवड तशी होत गेली असावी. तेव्हा ती केविलवाणी नजर म्हणजे भूक नव्हे.

आणि थोडं कमी खाणं हे प्रेमच आहे. ४८ लॅब्रॅडॉरवर जन्मभर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणारी कुत्री मध्यमानाने १३ वर्षं जगली, तर जास्त खाणारी ११.२ वर्षं. सांध्यांचं दुखणंही त्यांना उशिरा सुरू झालं. गाइड डॉगच्या कंबरेचे सांधे बिघडले तर त्याचं काम संपतं, आणि त्याच्यावर विसंबलेल्या माणसाचं फिरणंही अडतं.

पिशवीवरचं लेबल कसं वाचावं

पुढच्या बाजूचं चित्र सोडा, पिशवी उलटी करा. बारीक अक्षरांत 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' असं वाक्य आणि कुठल्या वयासाठी ते शोधा. लॅब्रॅडॉरसारख्या पिल्लासाठी 'ग्रोथ', आणि त्यात मोठ्या आकाराची कुत्री (म्हणजे ७० पौंड किंवा जास्त होणारी) धरली आहेत असं स्पष्ट लिहिलेलं हवं. कारण कॅल्शियम. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाला जादा कॅल्शियम बाहेर टाकता येत नाही आणि हाडं वेडीवाकडी वाढतात. आमच्या आई मायेने "वाढीचं वय आहे, दूध घाला" म्हणायच्या. वरून कॅल्शियमची पावडर तर नकोच नको.

डबा आणि कोरडं खाद्य यांची तुलना पाणी वजा करूनच करा. डब्यावर प्रोटीन ८ टक्के आणि पाणी ७८ टक्के असेल, तर कोरडा भाग २२. ८ भागिले २२ म्हणजे ३६ टक्के. कोरड्या खाद्यावर २६ टक्के प्रोटीन आणि १० टक्के पाणी असेल, तर २६ भागिले ९०, म्हणजे २९ टक्के. आठाचा आकडा बघून आम्ही आधी डबा नापास केला होता!

'ग्रेन फ्री'च्या फॅशनला भुलू नका. वाटाणे, मसूर असं पुष्कळ घातलेल्या अशा खाद्यांचा हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी चालू असल्याचं अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये जाहीर केलं. कारण सिद्ध झालं असं त्यांनी पुढेही म्हटलं नाही, पण धान्य टाळायचं काही कारणही नाही. गावाकडे धनगराची कुत्री भाकरीवर राहतात ते उगीच नाही. लांडग्यापेक्षा कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त असतात, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं आहे. पण पचतं म्हणजे पुरतं असं नाही. नुसत्या वरणभातावर वाढत्या पिल्लाची गरज भागत नाही.

आमच्यासारख्या शाकाहारी घरांचा प्रश्न असतोच. कुत्रं मांजरासारखं पूर्ण मांसाहारी नाही, आणि नीट तयार केलेली शाकाहारी खाद्यं मिळतात. पण संस्थेच्या पिल्लाला संस्था सांगेल तेच द्यायचं. आम्ही पिशवी गॅरेजमध्ये ठेवतो, वाडगा आणि चमचा वेगळा. महिन्याभरात आईंनाही सवय झाली.

खाद्य बदलायचं तर आठवडाभर जुन्यात नवं मिसळत जा. आणि भरपेट खाल्ल्यावर लगेच पळवू नका. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून पीळ पडतो, आणि ते जिवावर बेततं.

आपल्या स्वयंपाकघरातलं विष

हा भाग कापून फ्रिजवर लावा.

द्राक्षं, बेदाणे, मनुका: किडनी निकामी होऊ शकते. किती खाल्ल्यावर, याचा भरवशाचा आकडा नाही. यामागे टार्टरिक आम्ल असावं, असं २०२१ पासून मानलं जाऊ लागलं आहे. तेच चिंचेतही असतं, तेव्हा चिंचेची आमटी आणि भेळेची चटणीही नको.
कांदा, लसूण: कच्चा असो की फोडणीतला, रक्तातल्या लाल पेशी फुटतात.
चॉकलेट: जितकं काळं तितकं वाईट.
झायलिटॉल: शुगरफ्री च्युइंगममध्ये आणि काही पीनट बटरमध्ये असतं. रक्तातली साखर झपाट्याने उतरते.
शिजवलेली हाडं: टोकदार तुकडे होऊन आतड्यात रुततात.

खाल्लंच तर लक्षणांची वाट बघू नका. काय, किती, कधी हे कागदावर लिहून लगेच डॉक्टरांना फोन करा. घरच्या घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, ते धोक्याचं आहे.

शेवटी एक विनंती

पुढच्या महिन्यात ऑली संस्थेत परत जाईल. सगळं नीट झालं तर त्याच्या हार्नेसची मूठ अशा कोणाच्या तरी हातात असेल, ज्याला जमिनीवर काय सांडलंय ते दिसणार नाही. वाटेत मिळालेला घास ऑलीने सोडला, तरच ते दोघं नीट रस्ता ओलांडतील. म्हणून मंडळाच्या कार्यक्रमात काम करणारं कुत्रं दिसलं, तर मालकाला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका, आणि घास तर देऊच नका.

त्याच्या वाटचा लाडू तुम्हीच खा, आणि त्याच्या नावाने काही द्यायचं मनात असेल तर ते देणगीच्या पाकिटात घाला.