जनरेटरच्या सज्जतेची वार्ता : रिलेच्या साह्याने दूरनिरीक्षण

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाची अपेक्षा बालआरोग्यावर काही लिहावे अशीच असणार. लसीकरण, स्तनपान, बालदमा या विषयांवर मी यापूर्वी लिहिले आहे. यंदा मात्र रुग्णालयाच्या मागच्या अंगणात उभ्या असणाऱ्या आणि आपण डॉक्टर मंडळी क्वचितच जवळ जाऊन पाहतो अशा एका यंत्राविषयी लिहीत आहे. विषय विजेचा असला तरी त्याचा माझ्या रुग्णांशी किती निकटचा संबंध आहे, हे मला २०१६ च्या जूनमधील एका रात्री कळले.

त्या रात्री आमच्या नवजात अतिदक्षता कक्षात तीन बाळे होती. एक १०५० ग्रॅमचे, व्हेंटिलेटरवर; दुसरे सीपॅपवर; तिसरे नुसतेच वॉर्मरखाली. इंदुरात पहिला पाऊस जोरात झाला आणि दोनच्या सुमारास वीज गेली. जनरेटर सुरू झाला नाही. व्हेंटिलेटर आणि मॉनिटर यूपीएसवर होते. वॉर्मर आणि हवेचा कॉम्प्रेसर नव्हते. कॉम्प्रेसर थांबताच व्हेंटिलेटरमधून निव्वळ ऑक्सिजन जाऊ लागला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलाला असा ऑक्सिजन किती घातक ठरू शकतो, हे येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. वीस मिनिटे पुरेल असे सांगितलेला यूपीएस नवव्या मिनिटाला बंद पडला. त्यानंतर आमच्या सिस्टर टॉर्चच्या उजेडात अंबू बॅगने त्या बाळाला श्वास देत राहिल्या. तिसऱ्या बाळाला त्याच्या आईच्या छातीशी, उघड्या त्वचेला लावून ठेवले.

फोनवर चौकीदार एवढेच सांगत होता, "डॉक्टरसाब, जनरेटर उठ ही नहीं रहा." मी पोहोचलो तेव्हा वीस मिनिटे उलटली होती. पॅनेलवरचा निवडीचा खटका 'ऑफ' वर होता. तो 'ऑटो' वर फिरवला आणि सहा-सात सेकंदांत इंजिन सुरू झाले. व्हेंटिलेटरवरील बाळाचे तापमान तोपर्यंत ३५.४ अंश सेल्सिअसवर उतरले होते. ते बाळ पुढे सहा आठवड्यांनी सुखरूप घरी गेले. त्याचे श्रेय सिस्टरांच्या हातांना आहे, आमच्या व्यवस्थेला नाही.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. दुपारी साडेतीनला देखभालीसाठी माणूस आला होता. त्याने तेल बदलले, काम करताना नियमाप्रमाणे खटका 'ऑफ' वर ठेवला आणि जाताना तो परत फिरवायला विसरला. वहीत त्याची सही होती, आमच्या माणसाचीही होती. म्हणजे साडेदहा तास आमचा जनरेटर असून नसल्यासारखा होता आणि रुग्णालयातील एकालाही त्याची कल्पना नव्हती. दोष एका माणसाच्या विसरण्याचा म्हणावा, तर साडेदहा तास ते कोणालाच कळू नये, हा दोष माझा होता.

वीज सुधारली, जनरेटर अपरिचित झाला

२००० ते २००३ या काळातील मध्य प्रदेशातील भारनियमन ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना आठवत असेल की तेव्हा जनरेटर रोज चालत असे. त्याचा आवाज, धूर, डिझेलची पातळी हे सारे घरातल्या माणसाच्या तब्येतीसारखे ठाऊक असे. काही बिघडले तर त्याच दिवशी समजे. पुढे वीजपुरवठा पुष्कळ सुधारला. आता कित्येक आठवडे जनरेटरची गरज पडत नाही. त्यामुळे बिघाड झाला तरी तो पुढच्या वेळी वीज जाईपर्यंत दडून राहतो. पुरवठा जितका भरवशाचा, तितके राखीव यंत्राचे अज्ञान अधिक, असे हे विचित्र गणित आहे.

आमच्या वसाहतीत एक निवृत्त विद्युत अभियंता राहतात. सारे त्यांना काका म्हणतात. त्यांना हकिकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर, तुमचे रुग्णही बोलत नाहीत. तरी तुम्ही त्यांच्या अंगाला तारा लावून त्यांची खबर घेताच ना? मग यालाही लावा." पुढील सर्व पाठ त्यांच्याकडून शिकलेला आहे.

रिले म्हणजे काय?

रिले हा विजेवर चालणारा छोटा खटका होय. त्याच्या वेटोळ्यातून थोडासा प्रवाह गेला की ते चुंबक बनते, लोखंडी पट्टी ओढली जाते आणि शेजारचे संपर्क जुळतात किंवा सुटतात. प्रवाह थांबला की स्प्रिंग पट्टीला मूळ जागी आणते. बाहेर तीन टोके असतात: कॉमन, नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड. या संपर्कांत स्वतःचा विद्युतदाब नसतो, म्हणून त्यांना ड्राय किंवा पोटेन्शियल-फ्री कॉन्टॅक्ट म्हणतात. जनरेटरची वीज आणि सूचना देणाऱ्या यंत्रणेची वीज त्यामुळे एकमेकींत मिसळत नाहीत. निरोप तेवढा पलीकडे जातो.

येथे एक शब्द हमखास फसवतो. 'नॉर्मली' याचा अर्थ 'यंत्र निरोगी असताना' असा नाही. 'वेटोळ्यात प्रवाह नसताना' एवढाच त्याचा अर्थ आहे. ही गफलत झाली तर सूचना नेमकी उलटी बसते.

आपल्याकडील बहुतेक स्वयंचलित जनरेटरांना एएमएफ पॅनेल असते. वीज गेल्याचे ओळखणे, इंजिन सुरू करणे, भार बदलणे ही त्याची कामे. त्यातील कंट्रोलरवर अशा सूचनांसाठी काही आउटपुट दिलेले असतात आणि कोणता आउटपुट कोणत्या अवस्थेसाठी वापरायचा, हे ठरवून घेता येते. आमच्या पॅनेलमध्ये ते बसवल्या दिवसापासून रिकामे होते. काही कंट्रोलरांचे आउटपुट मुक्त संपर्काचे नसून बॅटरीचा दाब बाहेर देणारे असतात. तेथे मध्ये आणखी एक रिले घालावा लागतो. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

तीन सूचना पुरेशा आहेत

मोठ्या रुग्णालयांत दहा-वीस सूचनांचे फलक असतात. लहान नर्सिंग होमला तीन पुरतात.

पहिली सूचना 'मेन्स आहे'. बाहेरून येणाऱ्या विजेवर, चेंजओव्हरच्या अलीकडे बसवलेला रिले ती देतो.

दुसरी 'जनरेटर वीज देत आहे'. ही इंजिनाच्या फिरण्यावरून न घेता अल्टरनेटरच्या दाबावरून घ्यावी. इंजिन फिरत असूनही वीज तयार होत नाही, असे घडू शकते.

तिसरी आणि सर्वांत मोलाची 'जनरेटर सज्ज आहे'. पहिल्या दोन सूचना घटना घडल्यावर बोलतात, ही आधी बोलते. तिच्यासाठी आम्ही तीन संपर्क एकापुढे एक, साखळीसारखे जोडले आहेत. खटका 'ऑटो' वर आहे; कोणताही बिघाड नोंदलेला नाही; बॅटरीचा चार्जर चालू आहे. तिन्ही गोष्टी ठीक असतील तरच साखळी जुळलेली राहते. एक जरी बिघडली तरी ती तुटते आणि कक्षात पिवळा दिवा लागून बझर वाजतो.

साखळी जुळलेली म्हणजे 'ठीक' आणि तुटलेली म्हणजे 'गडबड' अशीच रचना का करायची, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. 'ऑटो' चा रिले सज्ज अवस्थेत ओढलेला असतो. कंट्रोलरची बॅटरी पार उतरली तर रिले सुटतो आणि सूचना येते. उंदराने तार कुरतडली तरी सूचना येते. उलट रचना केली, म्हणजे बिघाड झाल्यावर संपर्क जुळेल अशी, तर तार तुटलेल्या दिवसापासून सारे शांत राहील आणि ती शांतता आपण प्रकृती उत्तम असल्याचे लक्षण मानू. पल्स ऑक्सिमीटरचा प्रोब बाळाच्या पायावरून निसटला तर यंत्र गप्प बसत नाही, ओरडते. तेच तत्त्व येथे आहे.

सूचनांचे वाचन

रक्तातील वायूंच्या तपासणीत एकटा पीएच पाहून निदान करू नये, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. या तीन सूचनाही एकत्र वाचाव्यात.

मेन्स आहे, जनरेटर बंद, सज्ज आहे: निश्चिंत असावे.

मेन्स आहे, जनरेटर बंद, सज्ज नाही: धोका अजून दूर आहे आणि दुरुस्तीला वेळ आहे. त्या दुपारी साडेतीनला आमची हीच अवस्था होती.

मेन्स नाही, जनरेटर वीज देत आहे: काम ठीक चालले आहे; डिझेल पाहावे. तरीही कक्षात अंधार असेल तर चेंजओव्हर अडकला आहे असे समजावे.

मेन्स नाही आणि वीस सेकंदांनंतरही जनरेटर वीज देत नाही: लाल सूचना. बॅग हातात घ्यावी, मग कारण शोधावे.

मेन्स आहे, तरी जनरेटर चालूच आहे: वीज परतल्यावर इंजिन थंड होण्यासाठी काही मिनिटे चालते. त्याहून अधिक वेळ चालत राहिले तर पॅनेलला मेन्स परतल्याचे कळलेले नाही, फ्यूज तपासावा.

निरोप कोणाला, कसा?

पहिला निरोप जवळच्या माणसाला मिळावा. आमच्याकडे तिन्ही दिवे आणि बझर सिस्टरांच्या टेबलावर आहेत आणि त्यांना स्वतंत्र छोटी बॅटरी आहे. वीज गेल्याची बातमी देणारे यंत्र विजेवरच अवलंबून असून चालत नाही. त्यापुढे सिमकार्डावर चालणारे एक लहान उपकरण इलेक्ट्रिशियनला आणि मला संदेश पाठवते. तेच उपकरण रोज सकाळी आठला 'सर्व ठीक' असा एक संदेश धाडते. हा संदेश आला नाही तर उपकरण, सिमकार्ड किंवा नेटवर्क यांपैकी काहीतरी बिघडले आहे असे आम्ही धरतो. रिचार्ज न केलेले सिमकार्ड बंद होते, हेही आम्ही एकदा अनुभवले आहे.

फोनवरून दुरूनच जनरेटर सुरू करण्याची सोय मात्र आम्ही जाणीवपूर्वक घेतली नाही. कोणी इंजिनात हात घालून काम करीत असेल तर घरबसल्या दाबलेले बटण त्याची बोटे घेईल. खबर दुरून घ्यावी, हात जवळूनच लावावा.

रिलेला काय कळत नाही?

डिझेलमध्ये पाणी उतरले आहे, हे या तीन दिव्यांना कळत नाही. बारा व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट दाखवते, पण स्टार्टर फिरवताना कोसळते, हेही त्यांना कळत नाही. म्हणून प्रत्यक्ष चाचणीला पर्याय नाही. अमेरिकेतील 'एनएफपीए ११०' या मानकानुसार असा जनरेटर महिन्यातून एकदा, निर्धारित क्षमतेच्या किमान ३० टक्के भारावर, ३० मिनिटे चालवावा लागतो. आपल्याकडील एनएबीएचच्या निकषांतही पर्यायी वीजव्यवस्थेची नियमित चाचणी अपेक्षित आहे. भाराविना पाच मिनिटे इंजिन फिरवून चाचणी झाली असे समजू नये. त्याने चेंजओव्हरची परीक्षा होत नाही आणि न जळलेल्या इंधनाची काजळी साचते.

इंजिनाबरोबर त्याच्या इंधनाच्या वाटेवरही लक्ष हवे. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी 'सँडी' वादळात न्यू यॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयात तळघरात पुराचे पाणी शिरले आणि राखीव वीजव्यवस्था कोलमडली. जनरेटर उंचावर होते, पण इंधन वर चढवणारी यंत्रणा तळघरात होती. तीनशेहून अधिक रुग्ण हलवावे लागले. त्यांत नवजात कक्षातील वीस बाळे होती. परिचारिकांनी ती अंधाऱ्या जिन्यांवरून हातांत घेऊन खाली आणली. साधनसंपन्न रुग्णालयाचीही मदार अखेर परिचारिकेच्या हातांवरच आली.

आमच्याकडे आता दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी अकराला, सर्वांना पूर्वसूचना देऊन, खरोखरच मेन्स बंद करतो. त्याआधी खटका मुद्दाम 'ऑफ' वर नेऊन पिवळा दिवा लागतो की नाही ते सिस्टर स्वतः पाहतात. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर सूचना दबून राहू शकते आणि तो दोष याच तपासणीत सापडतो. कॉम्प्रेसर आणि एक वॉर्मर यूपीएसवर घेतले आहेत. देखभालीच्या वहीत आता सहीपूर्वी एक रकाना आहे: 'खटका ऑटोवर, पिवळा दिवा विझलेला, सिस्टरांनी पाहिले'.

या सर्वाला एका पल्स ऑक्सिमीटरइतकाही खर्च आला नाही. त्यानंतर पिवळा दिवा चार वेळा लागला आहे: दोनदा खटका विसरल्यामुळे, एकदा चार्जरचा फ्यूज गेल्यामुळे आणि एकदा उंदरामुळे. चारही वेळा वीज होती, दिवस होता आणि दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. चारही वेळा कक्षात बाळे होती; त्यांच्या आयांना यातले काही कळले नाही.

समव्यवसायी मित्रांना एकच विनंती आहे. हा अंक खाली ठेवल्यावर रुग्णालयाच्या मागील बाजूस जावे आणि पॅनेलवरचा खटका कोठे आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे.