नोंदीच्या फाईलला तारखेचे नाव



ऊसनोंदीच्या पावतीचा फोटो पोराच्या संगणकात ठेवता, पण तोडणीच्या पाळीवरून वाद निघाला की तो सापडत नाही. लिनक्सवर ‘डेट -आर’ ही आज्ञा फाईल शेवटची कधी बदलली ते सांगते. ती वेळ घालून ‘एमव्ही -एन’ने नाव बदलावे, ‘एन’मुळे त्याच नावाची जुनी फाईल पुसली जात नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा. यादी आपोआप क्रमाने लागते.

मात्र साध्या ‘सीपी’ने नक्कल केली की तिच्यावर आजची तारीख पडते. माझ्याच हातून हे झालं. हदगाव भागातल्या पूर्वहंगामी अन् सुरू, साऱ्या फायली एकाच दिवसाच्या दिसू लागल्या, अन् पुन्हा बांधोबांध पावत्या बघत फिरावं लागलं. नक्कल ‘सीपी -पी’नेच करा.

ही तारीख फाईलची, लागवडीची नव्हे. ती पावतीवरच बघा.