रद्दीचा काटा आणि लिलावाचा हातोडा
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'जुने ते सोने' अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु ज्यांच्या घरात रद्दीचा काटा टांगलेला असतो त्यांना या म्हणीचा अनुभव नेमका उलटा येतो. तिथे जुने ते किलोवर! माझ्या वडिलांचे रद्दीचे लहानसे दुकान आहे. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले. महाविद्यालयाची पायरी चढणारी आमच्या घरातली मीच पहिली. सुट्टीत मी दुकानावर बसते, गठ्ठे सोडते, वर्तमानपत्रे एकीकडे, पुस्तके-वह्या दुसरीकडे आणि पुठ्ठा तिसरीकडे असे वेगवेगळे करते.

असाच एक गठ्ठा सोडताना एका वर्तमानपत्रातली बातमी मी अण्णांना वाचून दाखवली. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये चित्रकथेचे एक जुने पुस्तक, ज्याला आपण सगळे 'कॉमिक' म्हणतो, ते लिलावात ६० लाख डॉलरला, म्हणजे सुमारे ५० कोटी रुपयांना विकले गेले होते. अण्णांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला.

"कागद सोन्याचा होता का गं पोरी?"

"नाही अण्णा. वर्तमानपत्राचाच. अगदी हलका."

"मग भाव कशाचा लागला?"

मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा अल्पसा प्रयत्न आहे.

दहा सेंटचे पुस्तक

ते पुस्तक म्हणजे 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक. अंकावर महिना जून १९३८ चा असला तरी तो बाजारात आला एप्रिलमध्ये. किंमत होती अवघी १० सेंट. मुखपृष्ठावर निळ्या कपड्यांतला, लाल अंगरखा पाठीवर उडत असलेला एक बलदंड पुरुष हिरवी मोटार डोक्यावर उचलून आपटताना दाखवला आहे. हाच सुपरमॅन! जेरी सीगल हा लेखक आणि जो शुस्टर हा चित्रकार, या क्लीव्हलंड शहरातल्या दोन तरुणांची ही निर्मिती.

या अंकाच्या सुमारे २ लाख प्रती छापल्या गेल्या असे सांगतात. आज त्यांतल्या शंभराच्या आसपास उरल्या असाव्यात असा जाणकारांचा अंदाज आहे. मग बाकीच्या गेल्या कुठे? याचे उत्तर अण्णांना न सांगताही कळले असते. रद्दीत! मुलांनी वाचल्या, घडी करून खिशात कोंबल्या, मित्राला दिल्या, आईने साफसफाईत टाकून दिल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जुना कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि शाळकरी मुलांनी आपली कॉमिक्स युद्धकार्यासाठी दिली. युद्ध संपल्यावर या पुस्तकांनी मुले बिघडतात अशी ओरड सुरू झाली. १९४८ च्या सुमारास काही गावांत तर कॉमिक्सच्या चक्क होळ्या पेटल्या. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचे टीकात्मक पुस्तक गाजले, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली.

तात्पर्य, जे पुस्तक कोणीही जपण्याच्या लायकीचे मानले नाही, ते म्हणूनच दुर्मिळ झाले. सर्वांनी जपले असते तर त्याला आज कोणी विचारलेही नसते! किमतीचे पहिले कारण हे असे आहे.

एकच अंक, दोन भाव

परंतु दुर्मिळपणा हे अर्धेच उत्तर झाले. याच अंकाच्या दोन प्रतींची हकीकत पाहिली म्हणजे उरलेले अर्धे ध्यानात येते.

पहिली प्रत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात एकाने १९३८ साली दुकानातून घेतली आणि देवदाराच्या पेटीत ठेवून दिली. अंधार, थंडावा आणि बंद झाकण यांमुळे ती अनेक वर्षे जशीच्या तशी राहिली. दुसरी प्रत मिनेसोटा राज्यातल्या एल्बो लेक या गावी एका जुन्या घराच्या भिंतीत सापडली. भिंतीत थंडी रोखण्यासाठी जुने कागद भरले होते, त्यांत ती होती. दुरुस्तीसाठी भिंत फोडणाऱ्या घरमालकाच्या हाती ती लागली आणि घरात आनंदाची धांदल उडाली. या धांदलीत नातेवाइकांत ओढाताण झाली आणि पुस्तकाचे मलपृष्ठ फाटले! त्या एका फाटण्याने पुस्तकाची श्रेणी ३.० वरून १.५ वर घसरली आणि सुमारे ७५ हजार डॉलरचे नुकसान झाले, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते.

भिंतीतली प्रत २०१३ साली १ लाख ७५ हजार डॉलरला गेली. पेटीतली प्रत, जिची श्रेणी ९.० ठरली होती, ती २०१४ साली ३२ लाख ७ हजार ८५२ डॉलरला गेली. अंक तोच, कथा तीच, चित्रेही तीच. किमतीत मात्र अठरापट फरक! हा फरक ज्या मोजपट्टीने ठरतो तिची आता ओळख करून घेऊ.

श्रेणी कशी लावतात?

पूर्वी विकणाराच आपल्या मालाची श्रेणी सांगे. 'उत्तम', 'चांगली', 'बरी' असे शब्द वापरले जात आणि साहजिकच आपले दही आंबट असे कोणी म्हणत नसे. १९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी कॉमिक्सच्या किमतींची मार्गदर्शिका काढली, तेव्हा संग्राहकांना एक समान आधार मिळाला. १९९१ साली सदबीज् या विख्यात लिलावगृहाने न्यूयॉर्कला कॉमिक्सचा लिलाव केला आणि या छंदाला चित्रे-दागिन्यांच्या पंक्तीत बसण्याचा मान मिळाला. परंतु श्रेणी कोणी लावायची हा वाद शिल्लक होताच. २००० साली सी.जी.सी. ही संस्था अमेरिकेत सुरू झाली. ही संस्था विकणाऱ्याचीही नाही आणि घेणाऱ्याचीही नाही. तिच्या परीक्षकांना स्वतः कॉमिक्सचा व्यापार करण्यास मनाई आहे. पंचाने कोणत्याच संघातून खेळू नये, तसेच हे.

या संस्थेची मोजपट्टी ०.५ पासून १०.० पर्यंत आहे. ०.५ म्हणजे अगदी टाकाऊ, २.० म्हणजे 'गुड', ४.० म्हणजे 'व्हेरी गुड', ६.० म्हणजे 'फाइन', ८.० म्हणजे 'व्हेरी फाइन' आणि ९.४ म्हणजे 'निअर मिंट', जवळजवळ टांकसाळीतून नुकत्याच पडलेल्या नाण्यासारखी! गंमत अशी की या भाषेत 'गुड' म्हणजे चांगले नव्हे. पुष्कळ हाताळलेल्या, मळलेल्या प्रतीलाच 'गुड' म्हणतात.

परीक्षक प्रथम पाने मोजतो. एखादे पान नाही, कोणी कूपन कापून घेतले आहे, मधले पान पिनांतून सुटले आहे, असे काही आढळले की श्रेणी खाली येते. मग तो पुस्तकाची पाठ, म्हणजे जिथे घडी पडते आणि पिना मारलेल्या असतात ती बाजू, न्याहाळतो. पुस्तक प्रत्येक वेळी उघडताना तिथे बारीक रेघा उमटतात आणि रंग उडतो. पिना गंजल्या आहेत का, कोपरे मुडपले आहेत का, पाण्याचा डाग आहे का, चिकटपट्टी लावली आहे का, कोणी पेनने नाव लिहिले आहे का, हे सर्व पाहिले जाते. हे काम एकाहून अधिक परीक्षक करतात.

कागदाचा रंग हा स्वतंत्र विषय आहे. कॉमिक्सचा कागद लाकडाच्या भरड लगद्याचा. त्यात लिग्निन नावाचे द्रव्य राहून जाते. हवा आणि उजेड लागला की ते कागदाला पिवळे करते, आम्ल वाढते आणि शेवटी कागद पापडासारखा मोडतो. म्हणून चिठ्ठीवर श्रेणीबरोबर पाने पांढरी, मळकट पांढरी, सायीच्या रंगाची, तपकिरी की ठिसूळ, हेही नमूद करतात.

सर्वांत अवघड भाग डागडुजी ओळखण्याचा. उडालेला रंग पुन्हा भरणे, फाटलेला भाग चिकटवणे, तुटलेला तुकडा दुसऱ्या कागदाने जोडणे, खराब कडा कापून सरळ करणे, असे प्रकार लबाडीने किंवा निव्वळ प्रेमापोटीही केलेले असतात. तशा प्रतीला नेहमीच्या निळ्या चिठ्ठीऐवजी जांभळी चिठ्ठी मिळते आणि किंमत बरीच उतरते. जखम लपवण्यापेक्षा उघडी जखम बरी, असा या बाजाराचा न्याय आहे.

शेवटी पुस्तक पारदर्शक, टणक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचे बंद करून वर श्रेणी आणि क्रमांकाची चिठ्ठी लावतात. पेटी फोडली की त्या श्रेणीची हमी संपली. म्हणजे ते पुस्तक यापुढे कोणीही वाचायचे नाही!

जपणारे हात

अशा चांगल्या प्रती जपल्या तरी कोणी? कोलोरॅडो राज्यात एडगर चर्च नावाचे चित्रकार होते. ते वर्षानुवर्षे कॉमिक्स विकत घेत आणि घरात उंच थप्प्या रचून ठेवीत. तिथली हवा कोरडी, खोलीत उजेड कमी आणि थप्पीच्या वजनाने पाने घट्ट दाबलेली. त्यामुळे कागद ताजा राहिला. १९७७ साली चक रोझान्स्की या तरुण विक्रेत्याने अठरा हजारांहून अधिक अंकांचा हा संग्रह त्यांच्या कुटुंबीयांकडून घेतला. आज 'चर्च यांची प्रत' एवढे म्हटले तरी भाव चढतो. तसेच, नोव्हेंबर २०२५ मध्ये 'सुपरमॅन' नियतकालिकाच्या १९३९ सालच्या पहिल्या अंकाची ९.० श्रेणीची प्रत ९१ लाख २० हजार डॉलरला विकली गेली. ती कॅलिफोर्नियातल्या तीन भावांना आईच्या मागे माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली एका खोक्यात सापडली होती. एखाद्याने सफाईच्या घाईत ते खोके उचलून रद्दीवाल्याला दिले असते तर?

न मोजलेली किंमत

इथवर लिहिल्यावर अण्णांचा प्रश्न सुटला असे मला वाटले. दुर्मिळपणा, कागदाची स्थिती आणि निःपक्षपाती परीक्षा, या तिन्हींतून भाव ठरतो. परंतु मग दोन गोष्टी मनाला डाचू लागल्या.

पहिली सीगल आणि शुस्टर यांची. सुपरमॅनचे सर्व हक्क त्यांनी १३० डॉलरला प्रकाशकाला लिहून दिले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, हलाखीचे दिवस आले. १९७५ साली जनमताच्या दबावामुळे कंपनीने दोघांना दरसाल २० हजार डॉलरचे निवृत्तिवेतन मान्य केले आणि त्यांची नावे पुन्हा छापण्याचे कबूल केले. ज्या धनादेशात ते १३० डॉलर होते, तो धनादेशच २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला! निर्मात्याच्या मोबदल्यापेक्षा मोबदल्याचा कागद महाग ठरला.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. दहावीपर्यंत मी एकही क्रमिक पुस्तक नवे घेतले नाही. अण्णा रद्दीत आलेली पुस्तके निवडून माझ्यासाठी बाजूला ठेवीत. माझ्या इतिहासाच्या पुस्तकात कोणा अनोळखी विद्यार्थ्याने समासात पेन्सिलीने सनावळ्या लिहिल्या होत्या, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या होत्या. पाठ निखळली होती, मुखपृष्ठ तर नव्हतेच. सी.जी.सी.च्या परीक्षकाने त्याला ०.५ दिले असते, आणि त्याच्या मोजपट्टीने ते योग्यच ठरले असते. परंतु त्या रेघांच्या आधारानेच मी परीक्षेला बसले. पुस्तक झिजते ते कोणीतरी वाचले म्हणून. लिलावात जो दोष, तो वाचकाच्या घरी पुस्तकाच्या सार्थकतेचा पुरावा असतो.

म्हणून ती मोजपट्टी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. कागद जपला नाही तर उद्या वाचायला काहीच उरणार नाही, हेही तितकेच खरे. आपल्याकडे १९६४ साली मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. त्यांतला वेताळ मराठीतही घरोघर पोचला आणि १९९० साली ही मालिका बंद पडली. त्या मराठी अंकांच्या किती प्रती काट्यावर चढल्या असतील! कोट्यवधी रुपये मिळतील म्हणून नव्हे, पण आपल्या आईवडिलांनी लहानपणी काय वाचले हे कळावे म्हणून तरी त्या कोणीतरी ठेवायला हव्यात. त्यासाठी फार खर्च लागत नाही. कोरडी जागा, अंधार, आम्लरहित कागदाचे वेष्टन आणि उघडताना स्वच्छ हात, एवढे पुरे.

हा लेख लिहून झाल्यावर मी अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे ते लोकसुद्धा आपल्यासारखंच करतात की. माल बघायचा, हात लावून पारखायचा, ओलं निराळं काढायचं. फक्त त्यांना वाचता येतं."

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तेव्हा काट्याशेजारी एक रिकामे खोके ठेवलेले दिसले. मी विचारले, "हे कशाला?" अण्णा म्हणाले, "गोष्टीची पुस्तकं यात टाक. संध्याकाळी तू बघ आणि मग ठरव, काय किलोवर घालायचं ते."

आता रोज संध्याकाळी मी ते खोके पाहते.