एका धातूचा परिवार

पुणे जिल्ह्यात पिंपळे गुरव, पिंपळे निलख आणि पिंपळे सौदागर अशी तीन गावे आहेत. आज ती पिंपरी-चिंचवड महानगरात सामावली आहेत. तिघांचे पहिले नाव एकच असल्यामुळे दुसऱ्या नावावरून ती ओळखली जातात. ‘सौदागर’ म्हणजे व्यापारी. हा शब्द फारसीतून मराठीत आला. ‘सौदा’ या शब्दापुढे ‘करणारा’ या अर्थाचा ‘गर’ हा प्रत्यय लागून तो सिद्ध झाला. ‘जादूगर’ हा शब्दही असाच बनला आहे. येथे मूळ शब्द कायम राहतो आणि शेवटी भर पडते.

फारसीच्या सोबतीने पुष्कळ अरबी शब्दही मराठीत आले. त्यांची घडण मात्र निराळी असते. अरबी धातू बहुधा तीन व्यंजनांचा असतो. ती व्यंजने आणि त्यांचा क्रम कायम राहतो. मधले स्वर बदलतात, कधी आरंभी ‘म’ येतो, आणि नवा शब्द तयार होतो.

‘अ-म-ल’ हा असाच एक धातू होय. त्याचा अर्थ ‘करणे’. त्यापासून झालेला ‘अमल’ म्हणजे कृती. मराठीने त्यावर अनुस्वार देऊन ‘अंमल’ केला. ठरलेली गोष्ट कृतीत उतरली, की ती अंमलात आली असे आपण म्हणतो. जो राज्याचा कारभार करतो, त्याचा प्रदेशावर अंमल असतो. म्हणून अधिकाऱ्याला ‘अंमलदार’ हे नाव मिळाले. औषध शरीरावर क्रिया करते, तेव्हा त्याचाही अंमल चढतो. बुद्धीला गुंगी आणणारे पदार्थ ते अंमली पदार्थ.

या धातूचे पहिले व्यंजन अरब लोक कंठातून उच्चारतात. तो उच्चार मराठीत नाही. त्यामुळे पुढील शब्दांत तो लोपला आणि ‘मा’ हे दीर्घ अक्षर तेवढे उरले. दोघांनी परस्परांशी केलेला व्यवहार म्हणजे ‘मामला’. मुलुखाचा व्यवहार पाहणारा तो मामलतदार किंवा मामलेदार. पेशवाईत हे अधिकारी वसुली व न्याय ही कामे पाहत. महाराष्ट्रात या पदाला आता तहसीलदार म्हणतात. गोव्यात मामलेदार हे नाव अद्याप चालू आहे. नेहमी केले जाते ते ‘मामूल’, आणि जे नेहमीचेच, त्यात विशेष काय? म्हणून ‘मामुली’ म्हणजे साधे, क्षुल्लक. अशा रीतीने मोठा अंमलदार आणि मामुली चूक ही एकाच कुळातील ठरतात!

संस्कृतातील ‘कृ’ धातूचा अर्थही ‘करणे’ असाच आहे. कर्ता, कर्म, कार्य, क्रिया हा त्याचा परिवार.

शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ तयार करवून कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सरनोबताचा सेनापती झाला. ‘सेनापती’ आज सर्वांच्या तोंडी आहे. पण ‘अंमल’ आणि ‘मामला’ हेही टिकले. कोशकार शब्द सुचवितो. तो ठेवायचा की नाही, हे बोलणारे लोक ठरवितात.

तथापि शब्दांचे कुळ शोधताना सावध असावे. संस्कृतात ‘अमल’ असा शब्द आहे. ‘अ’ म्हणजे नाही आणि ‘मल’ म्हणजे मळ; म्हणून अमल म्हणजे निर्मळ. अरबी ‘अमल’ दिसावयास तसाच, पण त्याचे याच्याशी काहीही नाते नाही. चेहरा सारखा दिसला एवढ्यावरून नाते जोडू नये. अर्थ आणि इतिहास या दोघांची साक्ष काढावी.

स्वाध्याय

१. ‘अंमल’ हा शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरून वाक्ये करा.
२. ‘मामुली’ या शब्दाला ‘क्षुल्लक’ हा अर्थ कसा आला?
३. हुकूम, हाकीम, हुकमत या शब्दांतील समान व्यंजने शोधा. त्यांच्या अर्थांत कोणते नाते दिसते?